वापराचं वाक्य

खस्, खस्, खस्.

घर एवढं गप्प होतं की तो बारीकसा आवाजही कानाशी आल्यासारखा वाटला. तिने तोंडातली पेन्सिल काढली आणि कान टवकारले. आतल्या खोलीत गोटी झोपली होती. एक पाय उशीवर, डोकं गादीवरून खाली उतरायच्या बेतात. म्हणजे आवाज लेकीचा नव्हे. नळ टपकत नव्हता. भांडी घासण्याचा म्हणावा, तर त्यात भांड्यांचा करकरीतपणा नव्हता. कुणीतरी एखाद्या मोठ्या जनावराचे दात घासतंय, असा मऊ, चिकाटीचा आवाज होता. तो गॅलरीतून येत होता आणि गॅलरीत सासूबाई होत्या. सासूबाई जिथे असतील तिथून काही ना काही आवाज यायचाच, असं मनाशी म्हणून तिने पुन्हा कागदात डोकं घातलं.

वेळच नव्हता. गोटीची दुपारची झोप हीच तिची कचेरी. गोटीचे डोळे मिटले की उघडायची आणि "आई, शू" ऐकू आलं की बंद व्हायची. सुट्टी, रजा, भत्ता काही नाही. फिरायला नेऊन, दमवून, गोष्टी सांगून मोठ्या मिनतवारीने ही कचेरी रोज उघडावी लागे.

गोटी व्हायच्या आधी ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. परीक्षानळ्या धुवायची, आम्लं पातळ करून बाटल्यांत भरून ठेवायची आणि मास्तरांचं लक्ष नसलं की मागच्या बाकावरच्या पोरांना हळूच समजावूनही सांगायची. मग गोटी आली. तेव्हापासून "सध्या काय करतेस?" ह्या प्रश्नाला तिचं एकच उत्तर होतं: "घरीच असते." त्यातला तो 'च' तिला घासातल्या खड्यासारखा लागायचा.

आणि आता हे काम दाराशी आलं होतं. मुलांसाठी विज्ञानाचा शब्दकोश तयार करणाऱ्या एका संपादकबाईंनी तिला परीक्षेपुरता एक शब्द दिला होता. तो जमला, तर रसायनशास्त्राचे सगळे शब्द तिने घरी बसून लिहायचे. नाही जमला, तर ते एका प्राध्यापकांकडे जायचे होते. प्राध्यापक तयारच होते म्हणे, पेनाचं टोपण काढून.

शब्द होता 'नायट्रोजन स्थिरीकरण'. मुदत होती आज पाच वाजेपर्यंतची. पाचला बाईंचा फोन येणार होता.

आता नुसता अर्थ लिहिणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे. खरी मेख पुढे होती. ह्या कोशात प्रत्येक शब्दाखाली अर्थ आणि अर्थाखाली 'वापर' म्हणून एक वाक्य असायचं. बाईंचा नियम असा की ते वाक्य लिहिणाऱ्याने रचायचं नाही. ज्याला शब्द ठाऊकच नाही अशा माणसाला अर्थ वाचून दाखवायचा आणि गप्प बसायचं. वाक्य मागायचं नाही, सुचवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. त्या माणसाने आपल्या गरजेपोटी, आपणहून तो शब्द बरोबर वापरला, तर अर्थ पोचला. मग तेच वाक्य जसंच्या तसं छापायचं. नाही वापरला, तर अर्थ फाडून नव्याने लिहायचा.

"रचलेलं वाक्य मला वासावरून कळतं," बाई म्हणाल्या होत्या. "त्याला खडूचा वास येतो."

तिने पहिला अर्थ लिहिला तो असा: 'वातावरणातील मुक्त नायट्रोजनचे संयुगांत रूपांतर होण्याची प्रक्रिया.' सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाईंनी तो मान डोलावत ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण 'प्रक्रिया' म्हटलं की मला जांभई येते, त्याला मी काय करू?" आणि खरोखरच जांभई दिली.

मग नवरा. तो टायरच्या दुकानात कामाला. चाकं काढायची, पंक्चर काढायचं, हवा भरायची. त्याच्या लेखी नायट्रोजन म्हणजे हौशी गिऱ्हाईकं टायरमध्ये साध्या हवेऐवजी भरून घेतात ती खास हवा. अर्थ ऐकून तो गंभीरपणे दोन घास जेवला आणि मग म्हणाला, "कळलं. टायर भरलं की नायट्रोजनचं स्थिरीकरण. खिळा घुसला की अस्थिरीकरण."

हे वाक्य तिने तसंच्या तसं बाईंना फोनवर सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "नवरा झकास आहे. अर्थ मात्र पोचलेला नाही. पुन्हा लिहा."

तिने पुन्हा लिहिला होता. पुन्हा, आणि पुन्हा. आता पुढ्यातल्या कागदावर इतकी खाडाखोड झाली होती की शाबूत असा एकटा 'नायट्रोजन'च उरला होता.

खस्, खस्, खस्.

"अहो आई," ती शेवटी तिथूनच दबक्या आवाजात म्हणाली, "काय घासताय एवढं?"

"तुझं चालू दे तू," गॅलरीतून उत्तर आलं. "मी माझ्या पेशंटकडे बघतेय."

पेशंट हा शब्द ऐकल्यावर कुणाला बसवेल? ती उठली.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर एक कुंडी आडवी आणि मातीचा ढिगारा. सासूबाईंच्या मांडीवर वाटाण्याचा एक वेल, अंघोळ घातलेल्या बाळासारखा ओलाचिंब, मुळं वर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, दातांच्या ब्रशने त्या एकेक मूळ घासत होत्या. मुळांवर मोहरीएवढाल्या, थोड्या मोठ्या, अशा गाठीच गाठी होत्या. ब्रश फिरला की त्या टपटप कागदावर पडत होत्या.

"बघितलंस काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या. "खरूज. गेल्या आठवड्यात कुंड्या बदलायला घेतल्या तेव्हा दिसलं. त्या दोन कुंड्यांतल्या वेलांची मुळं चांगली लखलखीत केली. तरी मेले पिवळेच पडतायत. म्हटलं रोग पसरायच्या आत हा तिसरा तरी वाचवू."

तिने कोपऱ्यातल्या दोन कुंड्यांकडे पाहिलं. त्यांतले वेल काठ्यांना कसेबसे टेकून उभे होते, तापातून उठलेल्या माणसाने दाराची चौकट धरावी तसे.

"हे करायला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? वरचे पोस्टमास्तर. बिया त्यांच्याच. त्यांच्या टोमॅटोला असाच गाठींचा रोग झाला होता. म्हणाले, वहिनी, दयामाया न करता खरवडून काढा."

तिच्या तोंडावर आलं होतं, 'आई, हे काय करून बसलात.' पण ज्या बाईने आपलं लेकरू न्हाऊ-माखू घातलं, तिने त्याच हातांनी, त्याच मायेने हे केलं होतं. तिला तोंडावर चूक दाखवायची म्हणजे जिवावर आलं. ती खाली बसली. कागदावरची एक गाठ उचलून तिने नखाने चिरली.

आत गुलाबी रंग होता. चांगला ताजा, बाळाच्या हिरडीसारखा.

"अगं बाई," सासूबाईंचा ब्रश थांबला. "हिच्या आत रक्त आहे?"

"रक्ताचा भाऊबंदच आहे म्हणा. ही गाठ जिवंत आहे, आई. आणि चांगली धडधाकट आहे. टोमॅटोला होते ती गाठ वेगळी. ती मुळाच्याच अंगातून फुगते, कितीही घासा, सुटून येत नाही. ही बघा, बोट लावलं की गळते. हा रोग नव्हे."

"मग काय आहे?"

आणि ती सांगू लागली. हातात कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. समोर चिखलाने माखलेल्या दोन तळहातांत एक वेल होता आणि चष्म्यावरून बघणारे दोन धास्तावलेले डोळे. प्रयोगशाळेतल्या मागच्या बाकाशी ती जशी वाकून बोलायची, तशी ती बोलत गेली. झाडाला वाढायला नायट्रोजन लागतो. आपल्याभोवतीच्या हवेत तो इतका आहे की पाचातले चार वाटे तोच. पण झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. कारण त्याचे अणू जोडीजोडीने राहतात आणि एकमेकांना असे घट्ट धरतात, असे घट्ट...

"नव्या नवरा-बायकोसारखे," सासूबाई म्हणाल्या.

"त्याहून घट्ट. झाकण गच्च बसलेल्या बरणीसारखे. फडताळ भरून बरण्या आहेत आणि झाड उपाशी, कारण झाकण उघडत नाही. ह्या गाठींत बारीक जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना ते झाकण उघडण्याची हातोटी आहे. ते नायट्रोजनची जोडी सोडवतात आणि झाडाला घेता येईल असं काहीतरी त्याचं करून देतात. झाड त्याबदली त्यांना राहायला जागा देतं आणि खायला साखर."

सासूबाईंनी ती चिरलेली गाठ घेऊन चष्म्याजवळ नेली.

"म्हणजे घरजावई," त्या म्हणाल्या. "राहतात हिच्या घरी, खातात हिचं. पण कामाला वाघ."

"तसंच."

"आणि असे सोन्यासारखे घरजावई मी ब्रशने घासून घराबाहेर काढले." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "दोन कुंड्यांतले. आणि वर वेलाला म्हणतेय, बाई गं, तू पिवळी का पडलीस."

हसावं की रडावं हे दोघींनाही कळेना. आधी सासूबाईंनाच हसू फुटलं, मग हिला. आवाज बाहेर पडू नये म्हणून दोघींनी पदर-ओढणी तोंडात कोंबली. पण व्हायचं ते झालंच.

"आई, शू," आतून आवाज आला.

कचेरी बंद. पण आज तिला त्याचं काही वाटलं नाही. गोटीला बाथरूमकडे नेता नेता, तिचे केस सारखे करता करता, दूध गरम करता करता डोक्यात वाक्यं आपोआप रांगेत येऊन उभी राहत होती. गोटी दुधाच्या मिशा घेऊन गॅलरीत आजीकडे पळाली, तशी तिने ओट्याशी उभ्याउभ्याच लिहून काढलं:

'हवेत नायट्रोजन भरपूर असतो, पण त्याचे अणू जोडीने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडांना तो वापरता येत नाही. ती जोडी सोडवून, झाडांना घेता येईल अशा पदार्थात त्याला बांधणं म्हणजे नायट्रोजन स्थिरीकरण. वाटाणा, घेवडा अशा झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हे काम करतात. आकाशातली वीज थोडंफार करते आणि खतांच्या कारखान्यांतही ते केलं जातं.'

'प्रक्रिया' हा शब्द कुठेही नाही, हे तिने दोनदा तपासलं. मग गॅलरीत जाऊन तिने सासूबाईंना अर्थ मोठ्याने वाचून दाखवला आणि नियमाप्रमाणे गप्प बसली.

सासूबाईंनी जांभई दिली नाही. "बांधणं, हे बरं केलंस," एवढंच म्हणाल्या आणि वेल कुंडीत लावायला लागल्या.

आणि मग सुरू झाली ती वाट बघण्याची शिक्षा. सासूबाई मातीबद्दल बोलल्या. कमरेबद्दल बोलल्या. गोटीने मातीत बोट घालून ते दुधात घातलं, त्याबद्दल चांगलं सविस्तर बोलल्या. एकदा त्या म्हणाल्या, "आता ह्या कुंडीत काय चाललं असेल गं?" आणि तिला वाटलं, आलंच. पण त्यांनी आपणच उत्तर दिलं, "चाललं असेल त्यांचं त्यांचं." घड्याळाचा काटा पाचाकडे सरकत होता आणि ती कढीपत्त्याच्या कुंडीतली नसलेली वाळकी पानं काढत, भुवईसुद्धा न उडवता उभी होती. ह्या घरात इतका वेळ गप्प बसण्याचा तिचा हा पहिलाच प्रसंग असावा, कारण गोटीने मध्येच विचारलं, "आईला काय झालंय?"

"परीक्षा आहे तिची," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी मदत म्हणून एखादं वाक्य ठोकून दिलं नव्हतं. घरच्या माणसावर उपकाराचं वाक्य टाकायचं नाही, एवढी समज त्यांना होती. आणि अशा वाक्याला खडूचा वास आला असता, हेही.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि दार ढकलून वरचे पोस्टमास्तर आत आले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण टपाल वाटायची सवय सुटली नव्हती. आता ते सल्ले वाटत. घरपोच, न मागता, पोच न घेता.

"काय वहिनी, कसा आहे पेशंट?" असं म्हणत ते सरळ गॅलरीत आले आणि चष्मा पुसून कुंडीवर वाकले. वेलाचं एक मूळ मातीच्या वर राहिलं होतं आणि त्यावर तीनचार गाठी गुलछबू दिसत होत्या. "अरे अरे अरे. हे काय? अजून आहेत की. मी काय सांगितलं होतं? द्या तो ब्रश इकडे. तुम्हा बायकांचा हात हलका, हे काम..."

त्यांनी ब्रशला हात घातला मात्र, सासूबाई उठल्या. एरवी गुडघ्यावर हात देऊन, देवाचं नाव घेऊन उठणाऱ्या सासूबाई ताडकन उठल्या आणि कुंडीपुढे आडव्या झाल्या.

"हात लावायचा नाही भाऊजी. खरूज नाही ती. तिथे नायट्रोजनचं स्थिरीकरण चाललंय. तुमच्या सल्ल्यापायी ह्या दोन कुंड्यांतलं बंद पडलं, म्हणून तर वेल उपाशी मरतायत."

पोस्टमास्तरांचा हात ब्रशवर तसाच राहिला.

"कसलं चाललंय म्हणालात?"

"स्थिरीकरण. झाकण उघडायचं काम असतं. बसा, सांगते."

तिने कढीपत्त्याच्या दोन चांगल्या फांद्या मोडल्या होत्या, हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी ती धावत ओट्याकडे गेली, कारण वाक्य अजून हवेतच होतं आणि एक शब्द जरी निसटला असता तरी बाईंना वास आला असता. ते उतरवून पेन्सिल खाली ठेवते न ठेवते तोच फोन वाजला.

तिने अर्थ वाचला. मग तिने वाक्य वाचलं.

"कोण म्हणालं हे?" बाईंचा आवाज आला.

"सासूबाई."

"कुणाला?"

"वरच्या पोस्टमास्तरांना."

"का?"

"ते ब्रश हिसकावून घेत होते."

बाईंना पुन्हा ठसका लागला. ह्या वेळी त्या पाणी प्यायला गेल्या नाहीत. "मुली," त्या म्हणाल्या, आणि आजवर त्या तिला 'तुम्ही' म्हणत होत्या, "चाळीस शब्द झाले ह्या कोशाचे, पण भांडणात वापरलेला हा पहिलाच. माणूस भांडताना शब्द वापरतो म्हणजे तो त्याच्या मालकीचा झालेला असतो. उद्या रसायनाचे बाकीचे शब्द पाठवते. सगळे. अमोनियापासून सुरुवात कर. आणि हो, ते 'तुमच्या सल्ल्यापायी' छापताना गाळू का? पोस्टमास्तरांना वाईट वाटेल."

तिने फोनवर हात ठेवून गॅलरीत विचारलं.

"गाळू नका म्हणावं," सासूबाई म्हणाल्या.

"गाळू नका," पोस्टमास्तरही म्हणाले. ते एव्हाना खाली फतकल मारून बसले होते आणि चिरलेली गाठ डोळ्याला भिडवून बघत होते. "मी छापला जातोय तो पहिल्यांदाच."

फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. काही करायचं सुचेना, म्हणून तिने चहा टाकला. त्यात साखर घातली, आणि मग आनंदाच्या भरात आणखी एकदा घातली. तो पाकासारखा चहा सगळ्यांनी निमूटपणे, चांगला झालाय म्हणत घेतला.

मग सगळ्यांनी मिळून कागदावर पडलेल्या गाठी वेचल्या. गोटीची बोटं बारीक, तिने सर्वांत जास्त वेचल्या. त्या चुरडून, तिसऱ्या कुंडीतली मूठमूठ माती त्यात मिसळून, त्यांनी ती दोन्ही आजारी कुंड्यांत घातली. "येतील परत जावई?" सासूबाईंनी विचारलं. येतीलही, ती म्हणाली, नव्या मुळांवर नवी बिऱ्हाडं मांडतीलही, पण आज काही सांगता येत नाही. "रुसलेत, वेळ लागणारच," असं म्हणून सासूबाईंनी पाणी घातलं.

नवरा आला तो दारातूनच म्हणाला, "कुणी माझा दातांचा ब्रश बघितलाय का? सकाळपासून शोधतोय. बोटाने दात घासून गेलो कामावर." पोस्टमास्तरांनी हातातल्या ब्रशकडे पाहिलं, त्यावरच्या मातीकडे पाहिलं आणि तो अलगद पाठीमागे नेला. बातमी ऐकल्यावर मात्र नवऱ्याने बूटही न काढता बायकोचे दोन्ही हात धरले आणि तिच्या बोटांना टायरचा काळा रंग लागला. "म्हणजे आता विचारलं, बायको काय करते, तर मी काय सांगायचं?"

"सांग, शब्दांचं पंक्चर काढते," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळचं ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं होतं. गोटी आईच्या मांडीवर येऊन बसली. नखांत माती भरलेली, ती काढत आई सांगत होती. ते जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. झाड तो वाटाण्यात भरून ठेवतं. वाटाणे गोटी खाते. मग त्याची गोटीची नखं होतात, केस होतात, गाल होतात.

गोटीने आपलं नख उजेडात धरून पाहिलं. मग दुसरं. मग केसांची बट पुढे ओढून पाहिली.

"हे सगळं आधी हवेत होतं?"

"बरंचसं."

"म्हणजे मी हवेत होते?"

"थोडी थोडी. इकडे तिकडे पसरलेली."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

गोटी गॅलरीबाहेर बघत बसली. समोरच्या इमारतीच्या खिडक्या, त्यांतले पडदे, त्यांपलीकडच्या गच्च्या, एकेक करून तिने सगळी घरं नजरेखालून घातली. मग मान वळवून तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी सगळीकडे होते, तर मग आई, मी तुझ्याकडेच कशी आले?"